फिल्टर गळतोय, पण कुणाला सांगू नका

ऐकलंत का? सी विंगेत आणखी एकाने माशांची टाकी घेतली. रात्री साडेदहाला टेम्पो आला, खोकं लिफ्टमध्ये मावेना म्हणून चौघांनी जिन्याने वर नेलं, आणि बायकोला म्हणे सांगितलं, ऑफिसचं सामान आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, चहूबाजूंनी थर्माकोल आणि वर लाल अक्षरांत ‘काच’. कुठल्या ऑफिसात असलं सामान लागतं ते त्यालाच ठाऊक. बायको काही बोलली नाही म्हणतात. तिला अजून किंमत कळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या सोसायटीत हे लोण आता तिन्ही विंगांत पोचलंय. चांगले संसारी, पन्नाशीकडे झुकलेले पुरुष आहेत हो! कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारे. आणि तेच जेवणं झाली की पार्किंगच्या कोपऱ्यात उभे राहून दबक्या आवाजात बोलत असतात. वॉचमनला आधी वाटलं, शेअर बाजाराचं काही चाललंय. जवळ जाऊन कान दिला, तर विषय ओ-रिंगचा. रबराची एक गोल कडी! तिला कुठलं ग्रीस लावायचं यावर दोन इंजिनिअर आणि एक निवृत्त बँक मॅनेजर हातघाईवर आले होते.

मासे आमच्या लहानपणीही घरात असायचे. टीव्हीशेजारी काचेची पेटी, तळाला निळे-गुलाबी खडे, दोन गोल्डफिश, आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या. हवेचा पंप रात्रभर घरघरायचा, म्हणून त्याच्याखाली जुना टॉवेल दुमडून ठेवायचा. पंप मेला की रविवारी कुर्ल्याच्या बाजारात जायचं, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला. नवा आणलेला चालला नाही, तर पुढच्या रविवारी तो दुकानदाराच्या काउंटरवर आपटायचा आणि बदलून घ्यायचा. त्यात कुणाची अब्रू जात नव्हती. मोठे मासे बघायची हौस तारापोरवाला मत्स्यालयात भागायची. 1951 साली ते मरीन ड्राइव्हवर उघडलं, तेव्हापासून मुंबईतल्या किती पिढ्यांनी तिथल्या काचेला नाक लावलं असेल. आणि तिथलं काही गळलं तर ते सरकारचं गळायचं. आपल्याला काय त्याचं!

आता साधी काच चालत नाही. तिच्या कडेला हिरवट झाक असते, ती यांच्या डोळ्यांत खुपते. लोह कमी असलेली, पाण्यासारखी नितळ काच हवी. फिल्टर टाकीत दिसला तर शोभा गेली, म्हणून तो खालच्या कपाटात लपवायचा. हा कॅनिस्टर फिल्टर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. त्यात पाणी एका पाइपने उतरतं आणि मोटर ते दुसऱ्या पाइपने वर चढवते. पाइप प्लॅस्टिकचे असले तर पाप. फुंकून केलेल्या काचेचे, टोकाला लिलीचं फूल उमलल्यासारखे हवेत. ते धुताना हमखास मोडतात, आणि मोडले की घरात सुतक पाळतात. झाडांना खायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. समुद्राच्या पाण्याची टाकी असेल तर मग विचारूच नका! लाटा करणारे पंप, फेस काढणारा स्किमर, पाणी गार ठेवणारा चिलर, आणि मोबाइलवरून सूर्योदय-सूर्यास्त घडवणारा दिवा. तो दिवा आमच्या फ्रिजपेक्षा महाग आहे. फ्रिज निदान दूध तरी ठेवतो.

या सगळ्याला एक जपानी गृहस्थ जबाबदार आहेत. ताकाशी अमानो त्यांचं नाव. निगाता प्रांतातले. आधी सायकलच्या शर्यती मारायचे, मग छायाचित्रकार झाले, आणि मग पाण्याखाली बागा लावायला लागले. 1982 मध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि टाकी म्हणजे माशांचं घर नसून निसर्गाचा एक तुकडा आहे असं जगभरच्या नवऱ्यांच्या डोक्यात भरवलं. 2015 मध्ये ते गेले. जाण्याआधी लिस्बनच्या मत्स्यालयात 40 मीटर लांबीची टाकी रचून गेले, पाणी एक लाख साठ हजार लिटर. माणूस थोर होता, यात वाद नाही. त्या बागांची चित्रं पाहिली की माझीही मान डोलते. पण आमच्या बी विंगेतल्या दीड खोलीच्या हॉलमध्ये निगाताचं जंगल उभं करायला जो खर्च येतो, तो पाहून मान डोलायची थांबते.

आणि ही पिढीच काही पहिली बिघडलेली नाही बरं का. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गअभ्यासकाने मत्स्यपेटीवर पुस्तक लिहिलं, आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यादिवाणखान्यात पेट्या आल्या. सांधे लुकणाने बुजवलेले, आणि तळ पाटीच्या दगडाचा. काही वर्षांत ते वेड ओसरलंही. नुसती काचेला काच चिकटवून टाकी उभी राहायला 1960 चं दशक आणि सिलिकॉन यावं लागलं.

असो. हौसेला मोल नसतं. खमंग बातमी वेगळीच आहे. हे सगळं सीलबंद, नवं कोरं, मखमली पिशव्यांत गुंडाळून येतं, आणि त्यातलं काही ना काही कारखान्यातूनच बिघडून आलेलं असतं. सांध्यात बुडबुडा राहिलेला, पंपातल्या पंख्याचा सिरॅमिक दांडा तडकलेला, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसलेला. तेही एक वेळ मी समजू शकते. माणसांनी केलेली वस्तू आहे, चुकते. पण हे लोक तक्रार करत नाहीत! दीडशे रुपयांच्या पंपासाठी काउंटर बडवणारा माणूस चाळीस हजारांच्या फिल्टरपुढे हात जोडून उभा राहतो. घरात जावई आल्यासारखं चाललेलं असतं. त्याने काहीही केलं तरी चूक आपल्या मुलीचीच.

आमच्या शेजारच्या सीएंचं उदाहरण घ्या. गणपतीच्या दिवसांत वहिनी मोदकांच्या उकडीसाठी परात शोधत होत्या. मोठी, पितळेची, सासूबाईंची. माळ्यावर नाही, ओट्याखाली नाही. मला विचारायला आल्या, तुमच्याकडे आली का? शेवटी सापडली ती टाकीखालच्या कपाटात, नव्या फिल्टरच्या बुडाखाली. परातीत पांढरा टिश्यू पेपर अंथरलेला, आणि त्यावर बॉलपेनने गोल काढून वेळा लिहिलेल्या. सात दहा, एक थेंब. सात छत्तीस, एक थेंब. आठ चार, मोठा थेंब. ऑडिट चाललं होतं! आणि किती दिवस चाललं होतं, तर फिल्टर आल्यापासून.

हेच गृहस्थ मिक्सरच्या भांड्याला केसाएवढी चीर होती म्हणून दादरला जाऊन दुकानदाराला घाम फोडून आले होते. मी म्हटलं, अहो, हा गळतोय. तर म्हणतात, गळत नाहीये, दमट हवेने बाहेरून पाणी सुटतंय. हे त्यांचं स्वतःचं डोकं नव्हे. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, “साहेब, ते कंडेन्सेशन असतं.” आता हवा कितीही दमट असली, तरी पाणी सुटायला वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा गार असावी लागते. फिल्टरमधलं पाणी टाकीचंच, टाकी हॉलमध्येच, चिलरचा पत्ता नाही. मग गारवा आला कुठून, परातीतून? दहावीचं विज्ञान आहे हो. पण सीएसाहेबांनी मान्य केलं. परदेशी मालाला घाम येऊ शकतो, पण तो गळू शकत नाही, असा एकूण हिशेब.

शेवटी भाचा आला, डिप्लोमावाला. त्याने झाकण उघडलं, ओ-रिंग काढली आणि ज्या खाचेत ती बसते तिथून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली रेघ घासायची राहिली होती. डोळ्यांना दिसतही नव्हती, नुसती नखाला लागत होती. तिच्यावर रबर टेकत होतं, बसत नव्हतं. एवढंच. याला मराठीत कारखान्याची चूक म्हणतात. सीए म्हणाले, “मीच ग्रीस कमी लावलं असेल.”

आणि थेंबाथेंबावर हसू नका. या यंत्राची खोड अशी की गळती सुरू झाली तर बटण बंद करून ती थांबत नाही. फिल्टर खाली, टाकी वर. पाणी विजेवर नाही, उतारावर उतरतं. आत घेणारा पाइप टाकीत जितका खोल, तितकी टाकी रिकामी होते. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे साडेचारशे लिटर, आणि तो पाइप बहुतेकांचा तळाला टेकलेला. मागच्या पावसाळ्यात ए विंगेत हेच झालं. खालच्या काकूंच्या नव्या पीओपीत पाणी साठलं, दिवा उतरवला तर त्यातून एक लाल कोळंबी निघाली, अशी बातमी आहे. स्लॅबमधून कोळंबी जात नाही, हे मलाही कळतं. पण सोसायटीत जाते. काकू मालवणच्या, त्यांनी वर जाऊन भांडण केलं नाही, फक्त विचारलं, “रे, एकच कशी आली?”

सबबींची तर मी वहीच करायला हवी. आपलं पाणी जड आहे. आपलं व्होल्टेज खाली-वर होतं. कुरिअरवाल्याने आपटलं असेल. आपल्या फरशीला उतार आहे. ही शेवटची मात्र थोडी खरी असते, आणि तिथेच घोळ होतो. टाकी ज्या कपाटावर ठेवतात ते दोन मिलिमीटर वाकडं असलं तरी साडेचारशे किलो पाणी काचेला पीळ देतं. सांधा सुटला की टाकीवाला म्हणतो कपाट वाकडं, कपाटवाला म्हणतो फरशी वाकडी, बिल्डर तर फोनच उचलत नाही. म्हणून ज्याला अक्कल आहे तो पाणी भरण्याआधी लेव्हल लावून फोटो काढून ठेवतो. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध दिसतोय असा. त्याच्याइतका बोलका साक्षीदार नाही. आणि फोम खाली घालायचा की नाही, हे त्या टाकीच्या कागदावर वाचायचं, मित्राला विचारायचं नाही. काही टाक्यांना लागतो, काहींना घातला तर वॉरंटी जाते.

मे महिन्यात आणखी एक रडगाणं ऐकू येतं. सिलिंडरचं घड्याळ बिघडलं, काटा वर चाललाय! तिथे मात्र मी कंपनीच्या बाजूने. कार्बन डायऑक्साइडचा दाब 20 अंशांना सत्तावन्न बारच्या आसपास असतो आणि तापमानाबरोबर चढतो. 31 अंशांच्या पुढे तर सिलिंडरमध्ये तो पातळ अवस्थेत राहतच नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात काटा सत्तरीकडे सरकला तर तो निसर्ग झाला, दोष नव्हे. खरा दोष उलट्या टोकाला असतो. सिलिंडर संपत आला की आतला दाब पडतो, आणि एकच टप्पा असलेला रेग्युलेटर अशा वेळी बाहेरचा दाब वाढवून बसतो. शेवटचा वायू भसकन टाकीत. त्यात सोलेनॉइड व्हॉल्व्ह कारखान्यातूनच चिकट आला असेल, तर रात्री दिवे विझल्यावरही तो मिटत नाही. टाकीत एक इवलासा काचेचा फुगा लटकवतात, आत निळं पाणी. वायू योग्य झाला की ते हिरवं होतं, फार झाला की पिवळं. पण रंग बदलायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. मालक सकाळी चहाचा कप घेऊन येतो तेव्हा फुगा लिंबासारखा पिवळाजर्द आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं वासून. त्यावर हे लोक काय म्हणतात ठाऊक आहे? “वायूचे बुडबुडे मोजण्यात माझीच चूक झाली असेल.”

हीटरचं प्रकरण त्याहून वाईट. मुंबईत तो लागतो कशाला, हा माझा भाबडा प्रश्न. तर डिस्कस नावाचे थाळीसारखे मासे असतात, त्यांना 28 ते 30 अंश लागतात; पुण्या-नाशिकच्या थंडीत तर हीटरशिवाय त्यांचं पान हलत नाही. आतला थर्मोस्टॅट दोन पट्ट्यांचा खेळ आहे. तापलं की पट्ट्या सुटायच्या, निवलं की जोडायच्या. कधी ठिणगीने त्या एकमेकींना चिकटून बसतात, मग तापणं थांबत नाही. माझ्या पुण्याच्या मावसभावाकडे अशी एक रात्र झाली. सकाळी तो हॉलमध्ये सुन्न बसलेला, आणि शेजारच्या आजोबांनी दारातूनच विचारलं, “काय भावाने पडले किलोला?” त्या आजोबांशी त्याने बोलणं टाकलं. कंपनीशी टाकलं नाही. त्याच कंपनीचा दुसरा हीटर आणला, या वेळी मोठा.

बाहेरच्या देशांत अशा वेळी काय होतं ते सांगते. 2011 मध्ये अमेरिकेत युनायटेड पेट ग्रुपने मरीनलँड नावाचे आपले काही हीटर बाजारातून परत बोलावले. सुमारे 12 लाख नग! कारण काय, तर आग लागण्याचा आणि फुटून कापण्याचा धोका. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ते जाहीर केलं. म्हणजे दोष असतो, मोठ्या नावात असतो, लाखांनी असतो, आणि तो कबूलही करता येतो. आपले लोक मात्र एका नगाचीही वाच्यता करत नाहीत. का? तर टाकी बघायला येणाऱ्या मित्रासमोर मान खाली जाईल.

मान खाली जायची तर बर्लिनच्या हॉटेलवाल्यांची जायला हवी. तिथे रॅडिसन ब्लू हॉटेलच्या मधोमध अ‍ॅक्वाडॉम नावाचं अ‍ॅक्रिलिकचं उभं नळकांडं होतं, 14 मीटर उंच, 2003 मध्ये उघडलेलं. मधून लिफ्ट जायची, माणसं माशांच्या पोटातून वर चढायची. दहा लाख लिटर खारं पाणी आणि सुमारे दीड हजार मासे. 16 डिसेंबर 2022 ला पहाटे सहा वाजायच्या आत ते फुटलं. दोघांना किरकोळ दुखापत झाली, तेवढ्यावर निभावलं. दिवसा उजेडी फुटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको. पाणी दारं फोडून रस्त्यावर, बाहेर कडाक्याची थंडी, आणि त्या नळकांड्यातले जवळजवळ सगळे मासे मेले. त्याआधी लांबलचक दुरुस्ती होऊन ते नुकतंच पुन्हा उघडलं होतं. मग तज्ज्ञ बसले, तुकडे जुळवले. 2023 च्या ऑक्टोबरात अहवाल आला. तीन शक्यता: चिकटवलेला सांधा सुटला असेल, दुरुस्तीत तळाशी खाच पडली असेल, किंवा दुरुस्तीसाठी टाकी रिकामी राहिली तेव्हा अ‍ॅक्रिलिक वाळलं असेल. नक्की कोणती? सांगता येत नाही.

जर्मनीत, तज्ज्ञांच्या फौजेला, दहा लाख लिटरचं कारण सांगता आलं नाही. आणि आमचे विक्रेते फोनवर, वस्तू न पाहता, अर्ध्या मिनिटात सांगतात, “साहेब, तुमच्या हाताळण्यातच प्रॉब्लेम आहे.” काय दिव्य दृष्टी म्हणावी!

एक टोळी आणखी आहे, तिला मी सदोष माल म्हणू देणार नाही. न्यू जर्सीची वन्सं येते, बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीची जागा रिकामी असते, तिच्यात भावासाठी हीटर नाहीतर पंप येतो. तिकडे स्वस्त पडला ना! तिकडची वीज 120 व्होल्टची. शंभर वॉटचा तो हीटर आपल्या 230 व्होल्टमध्ये खुपसला की साडेतीनशे वॉटहून जास्त ओढायला लागतो. पुढचं वर्णन जेवताना वाचणाऱ्यांसाठी नको. ट्रान्सफॉर्मर लावला तरी पंपाचं दुखणं राहतं, कारण तिकडे सेकंदाला 60 फेरे, इकडे 50. साधी एसी मोटर त्या मानाने संथच फिरणार. मग वन्संशी वर्षभर अबोला, आणि वॉरंटी अमेरिकेत. सगळ्यांना माझं एकच सांगणं: वन्संकडून बदाम मागवा.

आता जरा कायद्याचं. आमच्या भिशीत एक वकीलीणबाई आहेत. त्या पोहे खाता खाता जे बोलल्या ते ऐकून सीएंच्या वहिनींचा चमचा हातातच राहिला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात उत्पादनाच्या दोषाने नुकसान झालं तर कोण जबाबदार, यावर अख्खं प्रकरण आहे. बनवण्यातला दोष वेगळा, रचनेतला वेगळा, अपुऱ्या सूचना वेगळ्या. आणि गंमत ऐका. “कंपनी जर्मनीची आहे, मी काय करू” हे जे दुकानदाराचं पालुपद, त्याची सोय या कायद्याने बघून ठेवलीय. बनवणाऱ्यावर नोटीस बजावता येत नसेल, किंवा आपला कायदा त्याला लागूच होत नसेल, तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं. बाई म्हणाल्या, कलम 86 वाचा. दुकानदाराला वाचून दाखवा.

दुसरं कलम 87. ग्राहकाने वस्तू चुकीची वापरली किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विकणारा सुटतो. आता बघा, आमचे हे पुण्यपुरुष स्वतःच्या हाताने लिहून देतात, ग्रीस माझ्याकडूनच कमी पडलं असेल, बुडबुडे मोजण्यात माझीच चूक. आरोपीचा वकील फिर्यादीनेच लावला! सीएसाहेबांचा तो मेसेज वहिनींनी शोधून काढला, तर त्याखाली विक्रेत्याने नमस्काराचे दोन हात टाकलेले. का नाही टाकणार?

तिसरं, दुकानातल्या पाट्या. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ माल सदोष असेल तर या पाटीला काही अर्थ नाही. बिलावर परतीची मुदत छापलेली नसेल, तर सदोष वस्तू 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. आणि खरी मेख तिथेच. या चाळीस-पन्नास हजारांच्या व्यवहारांचं बिल असतं कुठे? जीएसटी वाचवायला म्हणून साध्या चिठ्ठीवर, नाहीतर घरी किंमत कळू नये म्हणून बिनचिठ्ठीचंच. बायकोपासून लपवलेलं बिल ग्राहक आयोगापुढेही दिसत नाही. नाहीतर वाट सोपी होती. 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे भागलं नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वॉरंटीच्या कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मासे, झाडं आणि फरशी यांची जबाबदारी आमची नाही. ती ओळ शेवटचा शब्द नसते, पण तेवढ्यासाठी भांडायला उभं तरी राहायला हवं.

त्या भिशीनंतर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी कारभार हाती घेतलाय. खोकं आलं की उघडताना मोबाइलवर सलग चित्रण, मध्ये न थांबवता, सीरियल नंबरसकट. ते वहिनीच करतात, कारण साहेबांचे हात कापतात. फिल्टर आला की थेट कपाटात जात नाही. आधी बाल्कनीत, बादलीवर, खाली वर्तमानपत्र घालून दिवसभर चालवायचा. कागद कोरडा राहिला तर आत. ओलावला तर फोटो, आणि त्याच दिवशी लेखी तक्रार, त्यात ‘मीच’ हा शब्द नको. मोठा एक हीटर घ्यायच्या ऐवजी लहान दोन, म्हणजे एक चिकटला तरी पाण्याला उकळी नाही, आणि दोन्हींवर पहारा ठेवायला वेगळा कंट्रोलर. प्लगकडे जाणाऱ्या वायरला सॉकेटच्या खाली झोळ, थेंब वायरवरून घसरला तर तिथेच गळून पडेल. तीस मिलिअँपिअर वीज गळताच तुटणारा आरसीसीबी घरात नसेल, तर आधी तो, मासे मग. खारं पाणी, वीज आणि ओले हात यांच्या बाबतीत माझी थट्टा संपते.

फक्त खोक्यांवरून अजून एकमत नाही. वॉरंटी संपेपर्यंत मूळ खोकं थर्माकोलसकट ठेवायला हवं, नाहीतर परत पाठवता येत नाही, हे खरंच आहे. पण माळा एकच आहे आणि त्यावर दिवाळीचे कंदील आहेत.

सीएंच्या फिल्टरचं काय झालं विचारताय? वहिनींनी परातीतला तो टिश्यू पेपर वाळवून, वेळांसकट, विक्रेत्याला पाठवला. सोबत नखाची खूण दाखवणारा फोटो आणि कलम 86 चा आकडा. आठवड्याभरात नवं झाकण आलं, पैसे नाहीत, वाद नाही. परात ओट्याखाली परतली. फिल्टर आता कोरडा चालतो, आवाजही नाही; वस्तू चांगली आहे, हे मान्य करायला हवं. सीएसाहेबांनी खूश होऊन त्याच कंपनीचा त्याहून मोठा मागवलाय. किंमत त्यांनी कुणाला सांगितलेली नाही, पण बिल वहिनींच्या नावावर आहे, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.